जाफरभाईंचा निळा तुकडा

सांगलीतल्या ज्या कचेरीतून सिनेमाच्या पेट्या गावोगावी जायच्या, तिथं जाफरभाई शिकलगार एकोणीस वर्षं फिल्म तपासत होते. खालून दिवा लावलेल्या दुधी काचेवर फिल्म सरकवायची, कडा बोटांनी चाचपायच्या, उजव्या डोळ्याला भिंग लावायचं आणि कुणी कुठं काय बिघडवलंय ते सांगायचं. काळी रेघ दिसली तर ओरखडा फिल्मच्या पाठीवर. हिरवी दिसली तर रंगाच्या बाजूचा वरचा थर गेला. पिवळी म्हणजे आणखी खोल, आणि पांढरी म्हणजे बिचारी पार सोलून निघाली.

विट्याच्या गुंडा ऑपरेटरनं एकदा शपथेवर सांगितलं, "रेघ आदीचीच हाय."

"आदीची? आरं, रिळाच्या ह्या टोकापास्नं त्या टोकापर्यंत एकाच जागी सरळ चाललीया. गुंडाळताना पडली असती तर वाकडीतिकडी गेली असती. तुज्या मशिनीत कायतरी अडकलंय, जाऊन बघ."

खरंच वाळूचा खडा निघाला. पुढच्या खेपेला गुंडा पेढे घेऊन आला.

गल्लीत या नजरेचा उपयोग वेगळाच होता. साडीला मॅचिंग ब्लाउजपीस आणायचा तर बायका जाफरभाईंनाच पाठवत. कचेरीतल्या सवयीनं कापडही ते डावा डोळा मिटूनच पारखायचे. त्यांची बायको आबेदा शिवणकाम करायची. ती म्हणायची, "आवं, पुरुषमाणसानं बायकांची कापडं आणायची? लोक हसत्यात."

"हसू देत. दोन निळ्यांत फरक असतोय, त्यो दुकानदाराला कुठला दिसायला?"

आणि शहात्तर सालच्या उन्हाळ्यात शेजारच्या चंद्राबाईच्या निळ्या साडीवर याच माणसानं चक्क हिरवा तुकडा आणला.

"भाई, मी काय पोपट हाय व्हय?" चंद्राबाई म्हणाली.

"दुकानातल्या उजेडाचा दोष," असं म्हणून भाईंनी हात झटकले. आबेदा मात्र सुईत दोरा ओवता ओवता त्यांच्याकडं बघत राहिली.

पुढच्याच आठवड्यात वडूजचे बाळासो सकाळी सकाळी कचेरीत आले. त्यांचा तंबूतला सिनेमा. दुसऱ्या दिवशी माण तालुक्यात जत्रा होती. तंबू उभा झाला होता, पाच गावांत कर्णा फिरला होता. आता फक्त पेटी घ्यायची आणि अकराची एसटी पकडायची. जाफरभाईंनी पहिलं रीळ काचेवर घेतलं, भिंग लावलं आणि वहीत लिहिलं: रंग पिवळट. नापास.

"नापास?" बाळासो खुर्चीतून उठलेच. "जाफरभाई, प्रिंट कोरी हाय. परवा तर आली."

"कोरी असली म्हणून काय? आभाळ बघा, हळद लावल्यागत झालंय. लॅबची चूक. दुसरी मागवावी लागंल."

"कवा यील ती?"

"चार दिवसांनी."

"तवर जत्रा उठंल की! लोकास्नी काय दावू, रिकामा पडदा? आवं, पुन्यांदा एकदा बघा तरी."

भाईंना राग आला. एकोणीस वर्षांत त्यांनी वहीतली एक ओळ खोडली नव्हती. पण बाळासोंचा चेहरा बघवेना. आणि एक गोष्ट त्यांची त्यांनाच टोचत होती. जुनी रंगीत प्रिंट विटते ती लालीकडं. पिवळी पडलेली त्यांनी तरी आजवर किती बघितल्या होत्या? अलीकडं मात्र आठवड्याला एक निघत होती. एवढ्या लॅबवाल्यांना एकदम कावीळ झाली की काय?

दोष सापडेना की एकेक वस्तू बदलत जायचं, ही त्यांची रीत. त्यांनी दिवा बदलला. आभाळ पिवळंच. फिल्म खिडकीतल्या उन्हात धरली. पिवळंच. भिंग बदललं, तरी तेच. मग खिशातल्या तपकिरीच्या जुन्या डबीतून त्यांनी आपला फिल्मचा वीतभर तुकडा काढला. निळं कसं असावं, ते दाखवणारा हा त्यांचा नमुना. बारा वर्षं डबीच्या अंधारात जपलेला.

तोही पिवळा.

दिवा बदलला, भिंग बदललं, फिल्मसुद्धा बदलली. बदलायचं एकच राहिलं होतं. त्यांनी भिंग हळूच डाव्या डोळ्याला लावलं.

निळं. स्वच्छ, धुतल्यासारखं निळं.

पुन्हा उजवा. हळद. पुन्हा डावा. निळं. चंद्राबाईचा पोपट त्यांना आठवला आणि कानाच्या पाळ्या गरम झाल्या.

"काय झालं?" बाळासोंनी विचारलं.

सांगितलं नसतं तर कुणाला कळणार होतं? 'बरी दिसतीया, न्या' म्हटलं असतं तरी भागलं असतं. पण गुंडाला ज्या टेबलाशी उभं केलं, त्याच टेबलाशी आता स्वतःला उभं करायला हवं होतं.

"प्रिंट चांगली हाय, बाळासो. खोट माज्या डोळ्यात हाय." आणि त्यांनी ती ओळ खोडली, शेजारी सही केली.

बाळासोंनी खोडलेली ओळ वाकून बघितली. मग म्हणाले, "मग ही डोळ्याची प्रिंट दुरुस्तीला कुठं धाडायची?"

"मिरजेला. दुसरीकडं कुठं?"

दोघंही हसले. भाईंनी डाव्या डोळ्यानं, मान वाकडी करकरून, सगळी रिळं तपासून काढली. कडांना बोटं होतीच. अकराची एसटी चुकली, साडेबाराची मिळाली. जत्रेत पडदा रिकामा राहिला नाही.

मिरजेला मोतीबिंदू काढला. पुढं जाडजूड चष्मा लागला, तेव्हा आबेदानं न मागताच डबी पुढं केली. भाईंनी तुकडा खिडकीशी धरला आणि कितीतरी वेळ बघत राहिले.

"दिसतंय का निळं?" तिनं घाईनं विचारलं.

"दिसतंय." भाईंनी भुवया चढवल्या. "पर लय निळं हाय गं. इतकं नसतंय. लॅबची चूक असंल."

आबेदानं कपाळावर हात मारला. आणि पिशवीतून चंद्राबाईचा तो हिरवा तुकडा काढून त्यांच्या हातात दिला. "आदी ह्यो बदलून आणा. मग लॅबचं बघू."