कोपऱ्यापर्यंतची सोबत

माझी आई कुणालाच खरी वेळ सांगत नाही. गावाला जायची गाडी सकाळची असली तर शेजारी दुपारची सांगते. नवा फ्रिज आणला तेव्हा तिने त्यावर जुनी चादर गुंडाळून तो लिफ्टमधून वर आणवला आणि भेटेल त्याला सांगितलं, दुरुस्तीला दिला होता. ठरलेली गोष्ट बोलून दाखवली की ती मोडते, असा तिचा पक्का समज आहे. लग्नाआधी तिने एका नोकरीच्या मुलाखतीबद्दल मैत्रिणीला सांगितलं आणि ती नोकरी मैत्रिणीलाच लागली. तेव्हापासून आई कुणाला ताकास तूर लागू देत नाही.

त्यामुळे बारावीचा निकाल लागल्यावर घरात पहिला नियम निघाला. सीट हातात येईपर्यंत कुठे फॉर्म टाकला ते कोणाला सांगायचं नाही. कोणी विचारलंच तर म्हणायचं, आयटीला टाकतोय बहुतेक. त्या वर्षी भाईंदर पूर्वेला जो तो आयटीलाच टाकत होता, त्यामुळे कुणाला संशय येणार नव्हता.

मला आयटी नको होतं. मला केमिस्ट्रीत बीएस्सी करायचं होतं, आणि तेही मुंबईतल्या एका जुन्या कॉलेजात. अकरावीत असताना आमच्या ज्युनियर कॉलेजने तिथलं विज्ञान प्रदर्शन बघायला नेलं होतं. तिथल्या प्रयोगशाळेत काचेच्या पेटीत एक जुना तराजू होता. सरांनी त्याच्या पारड्यात चिमट्याने कागदाचा कपटा ठेवला आणि काटा हलला. मी आणि माझी मैत्रीण काचेला नाक लावून तो बघत राहिलो, मागची मुलं ओरडेपर्यंत. त्या दिवसापासून मला तिथेच जायचं होतं.

ही मैत्रीण आमच्या समोरच्या दारातली. आम्ही बालवाडीपासून एकत्र, वर्गही तोच; मार्क मात्र तिचे नेहमीच जास्त, बारावीला तर बरेच. दोन्ही घरांत साखरेच्या, पिठाच्या वाट्या फिरत असायच्या. पण निकालानंतर त्या वाट्या थांबल्या. दोन्ही दारं आतून लागली आणि दोन्ही घरांत टीव्हीचा आवाज वाढला.

खरी पंचाईत बाबांनी केली. ते स्वभावाने गरीब, पण या बाबतीत हटून बसले. "एवढ्या लांब रोज एकटी नाही जायचं. बिल्डिंगमधली कोणी सोबत असेल तर माझी ना नाही."

बिल्डिंगमधली सोबत म्हणजे एकच मुलगी होती, आणि तिलाच विचारायची बंदी होती. मी आईला म्हटलं, सरळ जाऊन विचारूया ना. आई म्हणाली, "विचारलं की आपण कुठे टाकतोय ते कळेल. तिचे मार्क तुझ्याहून जास्त आहेत. तुझीच सीट घेईल ती. आपण नुसता कानोसा घ्यायचा."

मग आईने कानोसा घ्यायला सुरुवात केली. झेरॉक्सच्या दुकानात मैत्रिणीच्या आईच्या, म्हणजे काकूंच्या मागे उभी राहून त्या कशाच्या प्रती काढतायत ते बघून आली. काकू दाखल्यावर पिशवी ठेवून उभ्या होत्या म्हणे, म्हणजे नक्कीच काहीतरी लपवण्यासारखं आहे. एकदा काकूंनी जिन्यात माझ्या हातातले पासपोर्ट फोटो बघून मला थांबवलं आणि विचारलं, "फोटो छान आलाय गं तुझा, कशासाठी काढलास?" मी म्हटलं, आधारसाठी. त्या हसल्या. त्यांचा विश्वास बसला नाही हे मला दिसलं, आणि मला दिसलंय हे त्यांनाही.

सगळ्यात मोठा पुरावा आईने रद्दीवाल्याकडून आणला. समोरच्यांनी बारावीची पुस्तकं रद्दीत घातल्याचं तिला कळलं होतं. ती जुनी वर्तमानपत्रं घेऊन त्याच्याकडे गेली आणि तो वजन करेपर्यंत पुस्तकांचा गठ्ठा उलटापालटा करून आली. घरी येऊन पदराने कपाळ पुसत म्हणाली, "बायोलॉजी आहे, मॅथ्स आहे, फिजिक्स आहे. केमिस्ट्री नाही. ती ठेवून घेतलीये."

सुतावरून स्वर्ग गाठण्यात आईचा हात कोणी धरणार नाही, पण या वेळी मलाही पटलं. त्या दिवशी मी खूश झाले, कारण सोबत मिळणार होती. आई संतापली, कारण शेजारी एवढी मोठी गोष्ट आपल्यापासून लपवत होते. आपणही तीच लपवतोय, असं मी म्हणून बघितलं. ती म्हणाली, आपली गोष्ट वेगळी आहे.

फॉर्म भरायला आम्ही स्टेशनजवळच्या सायबर कॅफेत गेलो. विद्यापीठाची नोंदणी आधी झाली होती, आता त्या कॉलेजचा स्वतंत्र फॉर्म भरायचा होता. आत शिरलो तर कोपऱ्यातल्या कॉम्प्युटरवर मैत्रीण आणि काकू बसलेल्या. आम्हाला बघताच काकू खुर्ची सरकवून कॉम्प्युटरच्या पडद्यासमोर आडव्या आल्या. आईने तेवढ्यात मला उलट्या बाजूच्या कॉम्प्युटरवर बसवलं आणि स्वतः मागे भिंतीसारखी उभी राहिली.

"स्कॉलरशिपचा भरताय का?" काकूंनी विचारलं.

"हो ना. तुम्ही?"

"आम्ही पण तोच."

सायबरवाला एकदा त्यांच्याकडे, एकदा आमच्याकडे बघत होता. त्याला दोन्ही पडदे दिसत होते. शेवटी न राहवून म्हणाला, "आंटी, दोनों का सेम फोटो साइज लगेगा, एक साथ कर दूँ क्या?" आईने त्याच्याकडे असं बघितलं की तो पुन्हा बोलला नाही. मैत्रिणीची आणि माझी नजरानजर झाली. तिने ओठ आवळले होते. तिला हसू येत होतं की रडू, ते मला कळलं नाही.

पहिली यादी लागली. आईने मोबाइलवर ती बोटाने सरकवत माझं नाव शोधलं. माझं नव्हतं. मैत्रिणीचं होतं, शेवटाकडे, पण होतं. तिच्याखाली जेमतेम काही नावं होती आणि त्यातलं शेवटचं नावसुद्धा माझ्या मार्कांच्या बरंच वर होतं. दुसऱ्या यादीतही माझा नंबर लागणं कठीण आहे, हे मला तिथेच कळलं. आईलाही कळलं असणार. हिशोबात ती माझ्याहून पक्की आहे.

बाबा म्हणाले, "बरं झालं, मीरा रोडचं कॉलेज काय वाईट आहे?" त्यांना सुटल्यासारखं वाटलं होतं आणि ते त्यांनी लपवलं नाही. मला त्यांचा इतका राग आला की मी जेवले नाही. मैत्रिणीचा त्याहून जास्त आला. ती माझ्या तराजूपाशी जाणार होती.

पण समोरून पेढे आले नाहीत. त्या दिवशी नाही आणि दुसऱ्या दिवशीही नाही. फी भरायची मुदत संपत आली तरी दार बंदच. आईला चैन पडेना. सीट मिळाली आणि पेढे नाहीत म्हणजे काय? फी भरून गप्प बसलेत, की आणखी मोठ्या कॉलेजात नाव लागलंय? शेवटी तिने त्यांची आमच्याकडे राहिलेली एक जुनी कढई शोधून काढली, ती घासली आणि परत द्यायच्या निमित्ताने मला घेऊन समोर गेली.

काकूंचे डोळे सुजले होते. मैत्रीण आतल्या खोलीत होती, दार लोटलेलं. काका काशीमीऱ्याच्या एका गोदामात सुपरवायझर आहेत, ते कामावर जायचे कपडे घालून सोफ्यावर बसलेले, पण निघाले नव्हते. कढई ओट्यावर ठेवून आई वळणार, तोच काका म्हणाले, "वहिनी, एक विचारू? खरं सांगाल?"

आमच्या आईला असं कोणी विचारत नाही.

"तुमची मुलगी तिकडे मुंबईला जाणार आहे का? नाही म्हणजे, आमचीचं नाव लागलंय. पण रोज एकटी एवढ्या लांब मी नाही पाठवू शकत. सोबत असती तर आजच पैसे भरले असते. तुम्ही आयटी म्हणालात, म्हणून मी तिला नाही म्हटलं."

आतल्या खोलीत हुंदका आला आणि लगेच दाबला गेला.

मी आईकडे बघत होते. काय उत्तर येणार ते मला पाठ होतं. अजून काही ठरलं नाही, बघू, यांना विचारून सांगते. आईने पुढे होऊन कढई ओट्यावरून उचलली, तिची जागा बदलली आणि म्हणाली, "जाणारे ती. तिकडेच टाकलाय फॉर्म. दुसऱ्या यादीत येतंय नाव. दोघी बरोबर जातील. तुम्ही फी भरा."

"पण आयटी..."

"ते असंच. सांगायचं असतं तसं."

काका उठले आणि बँकेचं पासबुक शोधू लागले.

घरी येऊन मी आईशी भांडले. माझं नाव लागणार नाही हे तुला माहीत आहे, मग माझ्या नावावर तिला कशाला पाठवतेस? महिनाभर तोंड उघडलं नाहीस आणि आज उघडलंस ते तिच्यासाठी? आई कपड्यांच्या घड्या घालत होती. ती म्हणाली, "लागलेली सीट सोडून द्यायची? माझं डोकंच फिरलं ऐकून." मग तिने घातलेली घडी मोडून पुन्हा घातली. मला वाटतं, आपण काय केलं ते तिचं तिलाच नीट कळलं नव्हतं.

दुसऱ्या यादीत माझं नाव नव्हतं. मीरा रोडच्या कॉलेजात मला केमिस्ट्री मिळाली आणि मी ती घेतली. आईने ही बातमीही कोणाला दिली नाही.

मैत्रिणीच्या कॉलेजच्या पहिल्या दिवशी सकाळी बेल वाजली. दारात ती, पाठीला बॅग, हातात घडी घातलेला पांढरा ॲप्रन. तिच्या मागे गॅलरीत काका उभे. आईने मला स्वयंपाकघरातून ढकललंच. "जा बरोबर." माझं कॉलेज उशिरा भरायचं. "जा म्हणते ना," आई दात आवळून पुटपुटली.

आम्ही जिना उतरलो. काका गॅलरीतून बघत होते, म्हणून आम्ही रस्त्यानेही बरोबर चाललो, औषधांच्या दुकानाच्या कोपऱ्यापर्यंत. तिथून गॅलरी दिसत नाही. ती स्टेशनकडे वळली आणि मी बस स्टॉपकडे. दुसरी यादी तिनेही बघितली असणार. वळताना ती म्हणाली, "सॉरी." मी मागे न बघता चालत राहिले.

असं रोज सुरू झालं. मी कॉलेजात इतक्या लवकर पोचायचे की वॉचमन माझ्याकडे रोज ओळखपत्र मागायचा, एकदा तर त्याने बॅगही उघडायला लावली. मी जिन्याच्या पायरीवर बसून वाचायचे आणि मनातल्या मनात सगळ्यांना शिव्या घालायचे. पहिले काही दिवस कोपऱ्यापर्यंत आमच्यात एक शब्द नसायचा. मग एका सकाळी तिने चालता चालता, माझ्याकडे न बघता सांगितलं, "तो तराजू आहे अजून. त्याच पेटीत आहे. सर म्हणाले, दुसऱ्या वर्षाला हात लावायला मिळेल." मी विचारलं, कपटा ठेवून बघितलास का? ती म्हणाली, अजून नाही. त्यानंतर कोपऱ्यावर थांबून बोलणं वाढत गेलं. माझ्या कॉलेजातल्या मॅडम कशा शिकवायच्या ते मी तिला सांगायचे, ती तिकडचं सांगायची. तिची गाडी चुकायला लागली.

एका रविवारी मी पिठाच्या गिरणीत दळण घेऊन उभी होते. काका त्यांचा डबा घेऊन आले आणि माझ्या मागे रांगेत राहिले. थोड्या वेळाने म्हणाले, "तुझं कॉलेज लवकर भरतं गं."

"हो," मी म्हटलं.

"दुसरी यादी मी पण बघितली होती. तुझं नाव शोधत होतो."

गिरणीचा आवाज चालू होता. मला वाटलं, पळून जावं. मी विचारलं, "मग पाठवलंत कसं तिला?"

त्यांनी डब्याचं झाकण लावलं, पुन्हा काढलं. "इतकी वर्षं समोरासमोर राहतोय. तुझी आई आमच्याशी एक वाक्य खरं बोललेली मला आठवत नाही. साधं बाजारात जाताना विचारलं तरी देवळात चालले म्हणते. आणि त्या दिवशी माझ्या पोरीसाठी खोटं बोलली. मी काय बोलणार त्याच्यापुढे?" मग म्हणाले, "आता रस्ता कळलाय तिला. तू झोपत जा उद्यापासून."

मी घरी येऊन आईला सगळं सांगितलं. ती पीठ चाळत होती, चाळणी थांबली. ती म्हणाली, "म्हणजे रोज गॅलरीत उभं राहून तुम्हाला बघत होते, सगळं माहीत असून. काय माणूस आहे." मग आवाज खाली आणून विचारलं, "अजून कोणाला सांगितलं नाही ना त्यांनी?" आणि तिने चाळणीत अजून पीठ ओतलं. तिचे डोळे भरले होते. तिने ते पीठ उडालं म्हणून पुसले.

दुसऱ्या दिवशी मला झोपायची परवानगी होती, तरी मी नेहमीच्या वेळेला उठले. बेल वाजायच्या आधी चपला घालून उभी राहिले. काका गॅलरीत होते. त्यांनी मला बघितलं. आम्ही जिना उतरून कोपऱ्यापर्यंत गेलो. तिथे मैत्रीण थांबली आणि म्हणाली, "बाबांना कळलंय असं वाटतं मला. तुला काय वाटतं?"

तिला खरं सांगितलं असतं, तर उद्यापासून मी यायचं काही कारणच उरलं नसतं.

"छे," मी म्हटलं. "त्यांना कुठून कळणार?"