चार ढालींची गाडी

इलारीकाका दुकानात आला की आधी काउंटरवर कोपर टेकतो, भिंतीवर टांगलेल्या ढाली एकेक करून बघतो आणि मग विचारतो, "त्याने कुठली नेली?"

'तो' म्हणजे कासियान. गेल्या वर्षभरात इलारीकाकाने हे नाव माझ्यासमोर एकदाही उच्चारलेलं नाही, आणि दुसऱ्या कुणाबद्दल तो बोललेलाही नाही.

ढाल म्हणजे गाडीच्या पोटाखाली बसवायचा जाड पत्रा. रोमानियातल्या आमच्या अपुसेनीच्या डोंगरात दर दुसऱ्या अंगणात तीच एक छोटी, चारही चाकं ओढणारी गाडी उभी असते. आणि जंगलातल्या वाटेवर ओंडके ओढून ओढून वर आलेले दगड तिच्या इंजिनाखालच्या तेलाच्या चेंबरची वाट बघत बसलेले असतात. एक दगड लागला की चेंबर फुटतो, तेल ओढ्याला जातं आणि माणूस पायी घरी येतो. म्हणून लोक माझ्याकडे येतात. स्वतःचं पोट डॉक्टरला दाखवायला लाजणारी माणसं गाडीचं पोट मला बिनदिक्कत दाखवतात.

इलारीकाका अठ्ठावन्न वर्षांचा, वाळक्या शेंगेसारखा माणूस. गेले अकरा उन्हाळे वरच्या मेंढवाड्यावरून चीज खाली आणायचं काम त्याच्याकडे आहे. बुधवारी आणि शनिवारी तो पुलापाशी येऊन तीनदा हॉर्न वाजवतो आणि गावातल्या बायका फडकी घेऊन निघतात. त्याला कुणी नेमलेलं नव्हतं, नेमायची गरजही पडली नव्हती. पावाबरोबर चीज तसा गावाबरोबर इलारी.

मग चौदा वर्षं स्पेनमध्ये संत्र्यांच्या बागा सांभाळून कासियान परत आला. चाळिशीचा, हसरा, सगळ्यांना आधी नमस्कार करणारा. गाडी तीच, पण नवी. त्याने अंगणात गुलाब लावले, तर इलारीकाकाने बायकोचा कांद्याचा वाफा उखडून गुलाब लावले. कासियानचा कुत्रा स्पॅनिशमध्ये सांगितलं की बसतो. त्यावर फ्लोरिकाकाकू नवऱ्याला म्हणाली, "माझं तर आपल्या भाषेतही कुणी ऐकत नाही. तू नाही, कुत्राही नाही." इलारीकाका दोन दिवस जेवताना बोलला नाही.

एप्रिलमध्ये कासियानने मेंढवाड्याच्या कारभाऱ्याला, म्हातारबाबा तोदोरला, विचारलं की यंदा चीज मी आणू का. तोदोर म्हणाला, "मापाच्या दिवशी बघू." बस, एवढंच. पण त्या दिवसापासून इलारीकाकाची झोप उडाली, कारण अकरा वर्षांत त्याच्याबाबतीत कुणी 'बघू' म्हटलं नव्हतं.

"कुठली नेली, ते सांग."

"ॲल्युमिनियमची. चार मिलिमीटर. फक्त इंजिनाखालची," मी म्हणालो.

"मग मला पाचाची दे."

"काका, ॲल्युमिनियम मऊ असतं म्हणून जाड घ्यावं लागतं. तुम्हाला दोन मिलिमीटरचं पोलाद पुरे. इंजिनाखाली एक, फार तर डिझेलच्या टाकीखाली एक. तुम्ही सावकाश जाता."

"दोन? त्याची चार मिलिमीटर, आणि माझी दोन?"

"पोलाद आहे हो."

"ते तुला कळतं. पुलावरच्या लोकांना आकडा कळतो." त्याने मिशी चावली. "पोलादाची जाडात जाड?"

"तीन. पण वजन फार होतं."

"तीनची दे. इंजिन, गिअरबॉक्स, टाकी, मागचा डिफरन्शियल. चारी. त्याच्याकडे एकच आहे ना?" मग बोट ढालीवर टेकवून, "ही भोकं कसली?"

"चिखल, पाणी खाली पडायला."

"त्याच्या ढालीला आहेत?"

"आहेत."

"मला नकोत. ढाल घ्यायला आलोय, चाळणी नाही."

बिनभोकाचा एक संच तीन वर्षं माझ्या माळ्यावर पडून होता. तो कुणी का घेत नाही, हे मी काकाला दोनदा सांगितलं. तिसऱ्यांदा सांगितलं नाही, कारण शेवटी मी दुकानदार आहे, धर्मगुरू नव्हे. मी ढाली बसवून दिल्या. काका गाडीखालून बाहेर आला तेव्हा त्याच्या चेहऱ्यावर असं समाधान होतं, की मला त्याचाच हेवा वाटला.

पुढचे दोन आठवडे दोघंही वर जात होते. कुंपणाचे खांब, मिठाच्या गोणी, तोदोरचा तंबाखू. एकाने एक गोणी नेली की दुसरा दोन नेई. तोदोरकडे तीन उन्हाळे पुरेल इतकं मीठ जमलं.

मापाचा दिवस मेच्या सुरुवातीला येतो. ज्याच्या मेंढ्या वाड्यात, त्याने त्या दिवशी स्वतः दूध काढायचं. मग कारभारी खाचा पाडलेली काठी चरवीत बुडवतो. दूध जितक्या खाचांना लागेल, तितकं चीज उन्हाळाभर त्या घरचं. आदल्या दिवशी मेंढ्यांना मीठ चाटवून पाणी पाजणारे हुशार लोक दर वर्षी असतात आणि दर वर्षी पकडले जातात. काठीपुढे कुणाचं चालत नाही. मीही गेलो होतो. माझ्या आईच्या सहा मेंढ्या आहेत.

मापं झाली, मक्याचा सांजा आणि चीज पानात पडलं. तेव्हा कासियानने हळूच विचारलं, "बाबा, ते चीज आणायचं?"

तोदोर उठला, काठी पुसली आणि थेट गाड्यांकडे गेला. कासियानच्या गाडीखाली त्याने काठी उभी केली. "नऊ खाचा." मग इलारीकाकाच्या गाडीखाली. काठी तिरकी करावी लागली. "सहा. इलारी, तुझी गाडी व्यायला आलीय का?"

लोक हसले. इलारीकाकाचे कान लाल झाले. "चार ढाली आहेत. तीन मिलिमीटर. पोलाद."

"आणि आत काय आहे?"

मी बघतो तर मागची चाकं कमानीत शिरलेली. मला काय ते कळलं, पण बोलायचा धीर होईना.

"काढून बघ," तोदोर म्हणाला. "इतकी खाली घसटत जाणारी गाडी मी माझं चीज घेऊन त्या उतारावर पाठवणार नाही."

काकाने गाडी कुरणाच्या कडेच्या चरावर आडवी उभी केली, खाली उतरला आणि खिसे चाचपले. पाना घरी राहिला होता. माझ्याकडेही नव्हता. त्या सगळ्या कुरणात पाना एकाच माणसाकडे होता. तो माणूस काहीही न बोलता गाडीकडे गेला, पाना घेऊन आला आणि काकापुढे धरला. काकाने हात पुढे करायला जो वेळ घेतला, तेवढ्यात एक मेंढी दोहून झाली असती.

"चौदा नंबर आहे," कासियान म्हणाला.

"माहितीये मला."

पहिली ढाल सुटली आणि दोन आठवड्यांचा चिखल पाटासारखा चरात कोसळला. दुसरी, तिसरी. चौथीत तर गवत उगवलं होतं. कुणीतरी म्हणालं, "इलारीने तिथेच मेंढ्या का नाही चारल्या?" गाडी एकेक बोट वर येत होती आणि काका एकेक बोट खाली जात होता.

तोदोरने मात्र एक ढाल उचलून ओढ्याच्या पाण्यात धुतली, उलटी करून उन्हात धरली. बराच वेळ बघत राहिला. मग दुसरी धुतली. "यावर ओरखडा कुठाय?"

"ओरखडा?" काका चरातून म्हणाला.

"इतकी खाली गाडी, दोन आठवडे रोज ये-जा, आणि रंगसुद्धा उडालेला नाही." तोदोर वळला. "कासियान, बाळा, तुझी आण चरावर."

कासियानची ढाल काढावीच लागली नाही. चरात वाकल्याबरोबर दिसलं. तीन लांब खोल चरे, आणि पुढच्या काठाला मुठीएवढा खळगा.

"दुसऱ्या ओढ्यापाशी?" तोदोरने विचारलं.

"हो," कासियान हसून म्हणाला. "उजवीकडून गेलो. तीनदा."

"तिथून डावीकडून जातात. चीज या वर्षीही इलारीच आणेल. वाट त्याला ठाऊक आहे. इंजिनाखालची सोडून बाकीच्या ढाली तेवढ्या घरी ठेव म्हणावं." एवढं बोलून तो पुन्हा सांज्याकडे गेला.

कासियानने काकाच्या खांद्यावर हात ठेवला, अभिनंदन केलं, मनापासून केलं. हेवा करणाऱ्या माणसाला यापेक्षा मोठी शिक्षा नाही.

काकाने इंजिनाखालची एकच ढाल परत लावली, उरलेल्या तीन मागच्या सीटवर टाकल्या आणि मोठेपणाने मागे वळला. त्याच्याकडे कुणाचंच लक्ष नव्हतं. निम्मं गाव कासियानच्या गाडीभोवती वाकलं होतं. तो एकेका चऱ्यावर बोट ठेवून सांगत होता, हा कसा पडला, तेव्हा कसला आवाज आला, आणि ढाल नसती तर काय झालं असतं. म्हातारे माना डोलावत होते. माझी स्वतःची आईसुद्धा म्हणाली, "बाई गं, केवढा हा खळगा."

काका थोडा वेळ लांब उभा राहिला. मग गर्दीत शिरला आणि कुणी विचारलं नसताना म्हणाला, "तो दगड मलाही लागलाय. सहा वर्षांपूर्वी."

"खरंच?" कासियानने आदराने विचारलं. "किती मोठा चरा पडला होता?"

इलारीकाकाने त्या तीन चऱ्यांकडे एकदा नीट पाहिलं.

"यांच्यापेक्षा लांब," तो म्हणाला.