एकच भिंत निळी

"गावात गजाल काय?"

टेम्पोतून उतरून पाय जमिनीला लागायच्या आत त्याचा हा प्रश्न सुटायचा. समोर जो कोणी असेल त्याला, मग तो चहावाला असो, देवळाच्या पायरीवरचा म्हातारा असो की विहिरीवरून कळशी घेऊन चाललेली बाई असो. गजाल म्हणजे गावगप्पा. दशावतारी कंपनीतली बाकीची मंडळी पेटारे उतरवून घ्यायची, आंघोळीची जागा विचारायची, जेवण कोणाकडे आहे त्याची चौकशी करायची. हा मात्र चहाच्या टपरीवरचं बाकडं धरायचा आणि उन्हं उतरेपर्यंत गावातल्या तीन गजाली खिशात घालून उठायचा. तीनच. कोणी चौथी सांगायला लागलाच, तर म्हणायचा, "पुरे. पोट भरलां."

तो संकासुर करायचा. आमच्या बाजूच्या वाचकांना हे सांगायला नको, पण घाटावरच्यांसाठी सांगतो. दशावताराच्या सुरुवातीला काळे कपडे, काळा मुखवटा आणि लोंबणारी तांबडी जीभ लावून जो राक्षस येतो, तो संकासुर. त्याने वेद चोरलेले असतात आणि शेवटी विष्णू त्याला मारतो. पण मरेपर्यंत त्याला काहीही बोलायची मुभा असते. पुढच्या खुर्चीवर बसलेल्या मानकऱ्याला त्याने चिमटा काढायचा आणि मानकऱ्याने तो हसून सोसायचा, असा रिवाज आहे. राग धरला तर मानकऱ्याचीच शोभा होते.

एका गावात सरपंचाने रस्ता नेमका स्वतःच्या दारापर्यंत डांबरी करून घेतला होता. हा त्या दिवशी पायात चप्पल घालून रंगमंचावर आला, अर्ध्यावर थांबला, चप्पल काढून काखेत मारली आणि लेंगा गुडघ्यापर्यंत वर ओढला. सूत्रधाराने विचारलं, "ह्यां काय रे?" तर सरपंचाकडे बघत म्हणाला, "फुडे चिखल आसा." लोक हसून हसून लोळले. पुढच्या महिन्यात रस्ता पुरा झाला. हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं आहे.

गावची माणसं नंतर एकमेकांना विचारायची, "ह्येका सांगल्यान कोणी?" त्याने सांगणाऱ्याचं नाव कधी ओठांवर येऊ दिलं नाही. मलाही नाही. आणि मी तर त्याचा शेजारी, दोघांच्या घरांमध्ये एक कुंपण. त्याची पत्रं मी लिहायचो, अर्ज मी भरायचो, त्याच्या नाटकाच्या जाहिरातीतला मजकूरही माझाच असायचा. गावात मी शाळामास्तर होतो, त्यामुळे माझा शब्द तो खाली पडू द्यायचा नाही. तेवढा एक दोष त्याच्यात होता.

पाचेक वर्षांपूर्वी मुंबईच्या एका आयोजकाकडून बोलावणं आलं. परदेशात जगभरच्या कलांचा महोत्सव होता, त्यात दशावतार हवा होता. देशाचं नाव मी लिहीत नाही, का ते पुढे कळेल. तिथे एकच माणूस कित्येक वर्षं खुर्चीवर आहे, आणि महोत्सव त्याच्याच वाढदिवसाचा होता. कंपनीचा पखवाजवाला म्हणाला, "मी येवचंय नाय. थंय बोलणारी माणसां गायब करतत. मी वाचलंय पेपरात."

तो माझ्याकडे आला. "गुरुजी, काय करू?"

मी तेव्हा काय बोललो ते मला शब्द न् शब्द आठवतं. मी म्हटलं, "कलाकाराक राजकारणाशी काय करूचां आसा? खुर्चेर कोणय आसांदे, बघणारी माणसां माणसांच न्हय?" स्नेहसंमेलनात पाहुण्यांसमोर बोलायची सवय होती, वाक्यं आपोआप यायची. आपल्या गावची कला विमानात बसणार याचा मला आनंद झाला होता. पासपोर्टचा अर्ज मीच भरला. निघताना त्याच्या बायकोने, आमच्या वहिनीने, त्याच्या हातावर दही घातलं आणि कुडाळ स्टेशनवर आम्ही सगळे त्याला पोचवायला गेलो.

परत आल्यावर गावाने सत्कार केला. शाल, नारळ, कमानीवर फोटो. तो उठून एवढंच म्हणाला, "बरां वाटलां," आणि खाली बसला. लोकांना वाटलं, दमला असेल.

पण पुढच्या हंगामात तो गाडीतून उतरेना. सगळे पेटारे उतरले तरी तो पुढच्या सीटवर बसून राहायचा, थेट तोंड रंगवायला उठायचा. गजाल विचारणं बंद झालं. त्याचा संकासुर पाठ केलेली जुनी वाक्यं म्हणायला लागला. लोक माझ्याकडे तक्रार करायचे, "परदेशात जावन मस्ती चडली तेका." मलाही थोडंफार तसंच वाटत होतं, खोटं कशाला सांगू?

मग एका सकाळी आम्ही दोघं कुंपणाची गडगी रचत होतो. दगड हातात घेऊन तो उभा राहिला आणि म्हणाला, "गुरुजी, माझ्याकडसून एक चेडू गेलां."

आमच्याकडे तरण्या मुलीला चेडू म्हणतात. त्याने सगळं तुकड्या-तुकड्यांनी सांगितलं, मधेमधे दगड रचत.

तिथे कार्यक्रम एका मोठ्या सभागृहात, बर्फाच्या मैदानावर होता. यांच्या आधी दुसऱ्या कुठल्याशा देशाची एक जोडी बर्फावर नाचली. "पायांक सुरये बांधल्यासारखां कायतरी," तो म्हणाला, म्हणजे सुऱ्या. मुलगी गिरक्या घेत मोठ्या खुर्चीसमोर गेली, वाकली, आणि आत येऊन बूट सोडायला बसली. तोंडावर हसू तसंच होतं आणि नाडीची गाठ काही सुटत नव्हती. हा तिच्याकडे बघत राहिला. मग बर्फावर फळ्या टाकल्या आणि यांना पुढे सोडलं.

यांच्या दिमतीला एक मुलगी दिली होती, बावीस-तेवीस वर्षांची. तिथल्या कॉलेजात हिंदी शिकलेली. चार दिवस तिच्याशिवाय दुसऱ्या कोणाला यांच्याशी बोलायची परवानगी नव्हती. ती याला चाचा म्हणायची. याने नेलेला मालवणी खाजा तिने अर्धा खाल्ला आणि अर्धा आईसाठी रुमालात बांधला. पहिल्याच दिवशी याने सवयीने विचारलं होतं, "गाँव में गजाल क्या?" तिला त्या शब्दाची गंमत वाटली. रोज सकाळी आली की तीच म्हणायची, "चाचा, गजाल."

पहिल्या दोन गजाली साध्या होत्या. तिसरी तिने बसमध्ये, खिडकीकडे तोंड करून सांगितली. म्हणाली, आमच्या घराची एकच भिंत निळी आहे. मोठा साहेब ज्या रस्त्याने जातो त्या रस्त्याकडची. दरवर्षी सरकारी माणसं येतात आणि तेवढीच रंगवून जातात. बाकीच्या तीन भिंतींच्या विटा उघड्या आहेत, पावसात आईच्या बिछान्यावर पाणी गळतं.

कार्यक्रमाचा मजकूर आधीच तपासून घेतलेला होता. हा मालवणीत बोलणार आणि ती बाजूला माइकवर त्यांच्या भाषेतला कागद वाचणार, असं ठरलं होतं.

"फुड्यात खुर्ची, गुरुजी. खुर्चेर मानकरी. तीस वर्सां माझ्या जिभेक एकच वळण. मी बोलान गेलंय."

तो म्हणाला होता, "ह्या गावात घरांची एकच भिंत रंगयतत. राजा येता ती. एक दिस पाठल्या वाटेन इलो तर काय बघतलो तो?"

'रंग' आणि 'राजा' तिला कळले असणार, पण तिने कागदावर होतं तेच वाचलं. तिने तिच्यापुरतं सांभाळलं होतं. मालवणी तिथे कोणाला कळणार, असं यालाही वाटलं होतं. पण सभागृह भरायला बंदरावरच्या कामगारांना बस भरभरून आणलं होतं आणि त्यांत आपल्या बाजूची पंधरा-वीस माणसं होती. सगळी सभा गप्प, आणि मागून आपली माणसं खदखदून हसली. किती वर्षांनी त्यांना आपली बोली ऐकायला मिळाली असेल. याला ते हसू ऐकून भरून आलं. नाटक रंगलं असं वाटलं.

कोण हसलं, का हसलं, हे तिथल्या लोकांनी त्या माणसांनाच विचारलं असणार. आणि कोणीतरी सांगितलंही असणार.

दुसऱ्या दिवशी सकाळी नाश्त्याला दुसरा माणूस आला. याने विचारलं, "वो लड़की?" तो म्हणाला, बीमार है. विमानतळावर विचारलं, तेव्हाही तेच. कंपनीला कोणी बोट लावलं नाही. पाहुणे होते ना. उलट फुलं दिली.

"आपल्या गावात दोनशे तोंडां आसतत, गुरुजी. खंयच्या तोंडान सांगल्यान, कोणाक कळना नाय. थंय माझ्या कानाकडे पोचलेलां तोंड एकच हुतां. ह्यां माझ्या ध्यानात कसां येवक नाय?"

माझ्या हातातला दगड मी खाली ठेवला. त्याच्याइतकाच मीही तिथे उभा होतो, माझ्या त्या सुंदर वाक्यांसकट.

त्याने मला तीन पत्रं लिहायला लावली, ती जिथे काम करायची त्या कचेरीच्या पत्त्यावर. उत्तर आलं नाही. तिसरं टाकल्यावर माझ्या डोक्यात आलं की या पत्रांनी तिचं आणखी वाईटच झालं असेल. ते मी त्याला बोललो नाही. वहिनीलाही यातलं काही सांगायचं नाही, असं त्याने माझ्याकडून वचन घेतलं. म्हणाला, "हिणां हातार धय घातल्यान हुतां. हिका कळलां तर ती तो हात धुयत रवात."

तीन वर्षांनी दुसरं बोलावणं आलं. तोपर्यंत त्या देशाबद्दल बरंच छापून आलं होतं आणि मीही शहाणा झालो होतो. अशा ठिकाणी कलाकारांनी जाऊ नये, आपल्या नाचाने त्यांच्या खुर्चीला शोभा येते, असं मी वर्तमानपत्राला पत्र लिहिलं. त्याचं नाव घातलं नव्हतं, पण जिल्ह्यातून दुसरं कोण जाणार होतं?

तो कात्रण हातात घेऊन ओसरीवर आला. मला वाटलं, भांडेल.

"बरोबर लिवलास, गुरुजी," तो म्हणाला. "जावचां नायच. पण थंय गेल्याशिवाय इचारतलंय कोणाक?"

"अरे, लोक तोंडात शेण घालतले तुझ्या."

"घालूंदेत."

त्यांची अट होती की संकासुराने बोलायचं नाही, नुसतं नाचायचं. ती त्याने कबूल केली. मुक्या संकासुराचं काम करायला हा माणूस निघाला तेव्हा पखवाजवाल्याने त्याच्याशी बोलणं सोडलं होतं, आणि मीही स्टेशनवर गेलो नाही. आपण तत्त्वाने वागतो आहोत असं मला वाटत होतं. त्या न जाण्याची मला आज लाज वाटते.

आठ दिवसांनी तो आला. पाय धुवायच्या आधी माझ्याकडे आला.

"त्या बरफावरच्या चेडवासारखो नाचलंय, वाकलंय आणि इलंय," तो म्हणाला. तिथल्या एका अधिकाऱ्याला त्याने तिचं नाव सांगितलं होतं. अधिकाऱ्याने ते नीट लिहून घेतलं, आत जाऊन आला आणि याच्यासाठी चहा मागवला. मग दुभाष्याकडून सांगितलं की या नावाचं इथे कधीच कोणी नव्हतं.

"बसमधसून भायर बघलंय. वाटलां, घर तरी सापडात. तर मैलभर सगळ्याच घरांची एकेक भिंत निळी, गुरुजी. तिचां खंयचां, कसां कळतलां?"

त्याने माझ्या टेबलावरचं पॅड पुढे ओढलं. "लिवा तिचां नाव. कोणीच नाय हुतां म्हणतत. खंयतरी लिवलेलां रवांदे."

मी देवनागरीत लिहिलं. त्याने माझ्याकडून चारदा वाचून घेतलं, एक अक्षर बदलायला लावलं, आणि कागद घडी करून कंपनीच्या पेटाऱ्यात ठेवला. दशावतारात प्रयोगाआधी पेटाऱ्याची पूजा होते, आरती होते. पुढचे दोन हंगाम तिच्या नावालाही आरती ओवाळली गेली आणि ते आम्हा दोघांशिवाय कोणाला ठाऊक नव्हतं. मुखवटा मात्र त्याने पुन्हा तोंडाला लावला नाही.

यंदा तो गेला. पोटाचं दुखणं होतं, फार दिवस लागले नाहीत. हंगाम नसताना पेटारा त्याच्याच घरी असायचा; बाराव्यानंतर कंपनीची माणसं तो न्यायला येणार होती, म्हणून वहिनीने तो उघडून पुसायला घेतला आणि मला हाक मारली. मी गेलो तेव्हा ती चुलीपाशी बसली होती. हातात तो कागद होता.

"गुरुजी, ह्यां नाव कोणाचां ओ? बाईमाणसाचां दिसता."

मी कागद घेतला आणि बघितल्यासारखं केलं.

"अक्षर तुमचां आसा," ती म्हणाली. आवाजात राग नव्हता. चाळीस वर्षांच्या संसारानंतर तिला फक्त हो की नाही हवं होतं.

मी सांगू शकलो असतो. वचन त्याला दिलं होतं, आणि तो आता नव्हता. पण सांगायचं तर सुरुवातीपासून सांगावं लागलं असतं, अर्ज कोणी भरला तिथपासून. माझ्या तोंडातून निघून गेलं, "अशी कोणी नव्हती, वहिनी. कुठल्यातरी नाटकातलं पात्र असेल."

मी तिच्याशी जन्मात कधी शुद्ध मराठीत बोललो नव्हतो. कचेरीत साहेबाशी बोलावं तसा बोललो. तिने कागद माझ्या हातातून परत घेतला. मग म्हणाली, "आसात. नाटकातलां आसात," आणि कागद चुलीत सारून त्यावर माझ्यासाठी चहा ठेवला. मी तो प्यायलो.

ते नाव आता फक्त माझ्या डोक्यात आहे. तिची आई असेल, ती असेल, या आशेवर मी ते कुठे छापत नाही, आणि घरात लिहून ठेवायचं धाडसही अजून झालेलं नाही. रोज सकाळी एकदा मनात म्हणतो. माझं वय शहात्तर आहे. त्याने बदलायला लावलेलं अक्षर 'झ' होतं की 'ज', ते परवापासून मला आठवत नाही.