दाराला कधीच न लागलेलं कुलूप

तुटलेली कुलपं मी नोकरीत ढिगाने पाहिली. पण एक कुलूप असं होतं की जे दाराला कधी लागलंच नव्हतं, आणि तेच आजही डोळ्यांसमोरून हलत नाही.

मी तेव्हा उत्तनच्या किनारपट्टीवरच्या एका पोलीस ठाण्याचा प्रभारी होतो. कोणाचंही नाव इथे घेणार नाही. माणसं हयात आहेत आणि त्यांनी सोसायचं तेवढं सोसलं आहे.

ठाण्याचा चार्ज घेऊन फार दिवस झाले नव्हते. एका सकाळी विमा कंपनीचा तपासनीस तक्रारअर्ज घेऊन समोर बसला. वयाने माझ्यासारखाच, बोलायला मऊ, नजर मात्र घारीची. मी येण्यापूर्वी पाली गावात एका कोळी बाईच्या घरी भरदुपारी चोरी झाली होती. मायलेकी तारोडीला नात्यातल्या लग्नाला गेल्या होत्या. टीव्ही, तांब्यापितळेची भांडी आणि मुलीचं शिलाईचं मशीन गेलं होतं. बँकेच्या कर्जासोबत घरातल्या सामानाचा विमा उतरवलेला होता, म्हणून बाईने दावा केला. कंपनीने तो फेटाळला. मुलीने कंपनीच्या तक्रार कक्षाकडे दाद मागितली, तिथूनही नकारच आला. वर आता फसवणुकीचा गुन्हा दाखल करा, असा कंपनीचा अर्ज माझ्या टेबलावर होता.

तपासनिसाने पिशवीतून तुटलेलं कुलूप काढलं.

"साहेब, हे कुलूप त्या कडीला एक दिवसही लागलेलं नाही. खाऱ्या हवेने कडीवर गंज चढलाय, तो जसाच्या तसा आहे. रोज कुलूप घासलं असतं तर तिथलं लोखंड चकचकीत दिसलं असतं. बाईच्या दिराकडे चाव्या मागितल्या, तर त्याने दोन्ही काढून दिल्या. दुकानातल्या तारेत ओवलेल्या, तशाच."

"म्हणजे चोरी झालीच नाही, असं म्हणताय?"

"घरातल्यांनीच रचली, असं म्हणतोय. बळजबरीने घरात शिरल्याची खूण असल्याशिवाय आमच्या पॉलिसीत पैसे मिळत नाहीत. हे त्यांना ठाऊक होतं."

माणसाचं काम चोख होतं, हे मला तेव्हाही मान्य करावं लागलं. मी पंचनामा काढून पाहिला. पुढच्या दारात कुलूप तुटून पडलेलं, एवढ्यावर तो आटोपला होता. तुटलेलं कुलूप समोर दिसल्यावर पंचांचं आणि पोलिसांचं मन तिथेच अडकतं, हा माझा जुना अनुभव आहे.

दिराला ठाण्यात बोलावलं. अंगापिंडाने मजबूत गडी, भावाच्या माघारी त्याची बोट तोच चालवायचा. आल्या आल्या आवाज चढवला.

"साहेब, कुलूप होता म्हंजे होता! आमी चोरीचे मानसं हाव का?"

मी चहा मागवला. ज्याचा आवाज चढलेला असतो त्याच्याशी मी कधी आवाज चढवून बोललो नाही. त्याला दमायला वेळ द्यावा लागतो. चहा संपल्यावर सहज विचारल्यासारखं विचारलं, "कुलूप रोज कोण लावायचं?"

"वहिनी."

"चावी कुठे ठेवायच्या?"

"कनवटीला."

"तारेसकट?"

तो रिकामा कप हातात फिरवत राहिला.

मग महिला शिपायाला शेजारी बसवून बाईंना आत बोलावलं. पन्नाशीच्या असाव्यात. भाईंदरच्या बाजारात मासळी विकायच्या. गळ्यात मंगळसूत्र होतं, कपाळावर ठसठशीत कुंकू. कागदावर तर त्यांच्या नवऱ्याच्या नावापुढे 'समुद्रात बेपत्ता' असं लिहिलेलं होतं.

"बाई, दाराला कुलूप नव्हतं ना?"

"न्हाय," त्या लगेच म्हणाल्या. एवढं सरळ उत्तर मला अपेक्षित नव्हतं.

"का नव्हतं?"

त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं. "साहेब, माझा मानूस दर्यात गेलाय. बोट गवली, तो न्हाय गवला. सगले बोलतात गेला. मी कशी बोलू? तो कवा आला आनि दाराला कुलूप असला, तं तो काय समजंल? आपल्याला इसरले, असाच ना? म्हनून नुसती कडी घालते. गावात सगल्यांना ठाव हाय."

महिला शिपायाने मान फिरवली. मीही टेबलावरचे कागद उगाच सारखे केले.

बाहेर दिराने सगळं कबूल केलं. कुलूप तुटलेलं नसेल तर क्लेम मिळत नाही, असं त्याला कोणीतरी सांगितलं होतं. चोरी कळताच तो नवं कुलूप घेऊन आला, दगडाने फोडलं आणि पोलीस यायच्या आत उंबऱ्यात टाकलं. बाई नको म्हणत होत्या. पण मुलीच्या मशीनवर घर चालत होतं आणि ते मशीन पुन्हा उभं करायला दुसरा मार्ग दिसत नव्हता. त्या गप्प बसल्या.

कायद्याने पाहिलं तर माझं काम इथेच संपत होतं. खोटा पुरावा उभा केल्याची कबुली मिळाली होती. गुन्हा दाखल झाला असता तर दावा बुडालाच होता, शिवाय ज्या बाजारात ती बाई मासळीची टोपली घेऊन बसायची तिथे तिला चोर म्हटलं गेलं असतं. पण माझं मन राजी होईना. ही बाई खोटं बोलणारी नाही, असं आत कुठेतरी पक्कं बसलं होतं. मन म्हणतं म्हणून तपास बंद होत नाही, तसा तो सुरूही होत नाही. त्याला धागा लागतो.

तो धागा आणला एका रिक्षावाल्याने. तो अधूनमधून मला खबर द्यायचा. "साहब, पाली में चोरी हुई ना, उस दिन एक आदमी को मुर्धा छोडा था. गोधडी में शिलाई मशीन था. भाड्यावरून पण लफडा केला त्याने, म्हणून चेहरा याद है."

मुर्धा गावात एका टेलरकडे मशीन सापडलं. स्वस्तात मिळालं म्हणून त्याने घेतलं होतं. विकणारा आमच्या रेकॉर्डवरचा निघाला, आणि त्याला शोधायला फार फिरावं लागलं नाही. चोरी कबूल करायलाही त्याने वेळ लावला नाही. शेवटी मी विचारलं, "कडी काढून आत गेलास ना?"

तो माझ्याकडे वेड्यासारखा बघत राहिला. "कडी? साहेब, पुढचं दार गल्लीवर. समोरच्या ओट्यावर म्हातारी बसलेली. पुढून कोण जाईल? मी मागून पडवीचा पत्रा उचकटला."

"पुढचं दार उघडंच होतं रे."

"काय सांगता!" त्याला खरोखर हळहळ वाटली. एवढी मेहनत फुकट गेली होती ना.

चोराला आणि पंचांना घेऊन आम्ही पालीला गेलो. त्याने घराची मागची बाजू दाखवली. पडवीला टेकून जुन्या जाळ्यांचा ढीग होता. जाताना त्याने पत्रा पुन्हा दाबून बसवला होता आणि जाळी वर ओढली होती. ती बाजूला केली तर पत्र्याची कड वाकलेली, खिळे उपसलेले आणि लाकडावर पहारीचा खोल घाव होता. दीर तिथेच खाली बसला.

"मी हिकडं बगितलाच न्हाय," तो पुन्हापुन्हा म्हणत होता.

कंपनीला जी खूण हवी होती ती पहिल्या दिवसापासून घराच्या मागे होती. ती दिसू नये म्हणून चोराने केलं त्याहून जास्त दिराच्या खोट्या कुलपाने केलं होतं. त्याच्या प्रेमानेच वहिनीला खड्ड्यात घातलं होतं.

मी पुरवणी पंचनामा केला आणि खरा अहवाल पाठवला. तरीही दाव्यात खोटं कुलूप होतंच, आणि तेवढ्या कारणावरून कंपनी अजूनही नाही म्हणू शकत होती. बाईंना मी सांगितलं, "कोर्टात जाण्याआधी विमा लोकपालाकडे जा. तिथे वकील लागत नाही, फी लागत नाही. पण कुलपाचं तुम्हीच आधी सांगा."

दीर म्हणाला, "वहिनी, आता खरा पुरावा हाय. कुलपाचा कशाला काढायचा?"

"गप बसून एकदा बघितला ना," बाई म्हणाल्या. "आता मी सांगनार."

सुनावणीला मी नव्हतो. तिथे काय झालं ते त्या तपासनिसानेच मला फोनवर सांगितलं. बाईंनी उभ्या राहून आधी कुलपाची गोष्ट सांगितली, मग दाराला कुलूप का नसतं तेही. त्यावर तपासनिसानेच आपल्या वरिष्ठांना बाहेर नेलं. कंपनीने माझ्याकडचा अर्ज मागे घेतला आणि जे सामान सापडलं नव्हतं त्याची भरपाई तडजोडीने दिली. प्रकरण कोर्टापर्यंत गेलंच नाही. दिराला मी लेखी समज दिली. मशीन रीतसर सोडवून मुलीला परत मिळालं.

या प्रकरणाने मला एक गोष्ट शिकवली. खोटं सांगणारा माणूस दरवेळी चोर नसतो. पुष्कळदा तो घाबरलेला असतो, आणि आपल्या खऱ्यावर कोणी विश्वास ठेवणार नाही असं त्याने आधीच धरलेलं असतं. तो विश्वास ठेवणारा कोणीतरी ठाण्यात बसलेला असला पाहिजे.

बदली होण्यापूर्वी मी एकदा पालीला गेलो. बाईंच्या दाराला कुलूप होतं. मला बरं वाटलं आणि वाईटही वाटलं, का ते सांगता येत नाही. मी परत वळणार तेवढ्यात त्या टोपली घेऊन आल्या.

"लावला बघा साहेब कुलूप," त्या म्हणाल्या. "पोरीचा मशीन हाय आत."

मग त्यांनी चौकटीच्या वर हात घातला. तिथे नवऱ्याचं वल्हं आडवं टांगलेलं होतं. त्याच्या मागच्या खिळ्यावरून त्यांनी चावी काढली.

"हितंच ठेवते. तो आला तं पयला आपला वल्हा बघंल, चावी त्याला हितंच गवंल."

दाराबाहेर चावी ठेवू नका, हे मी नोकरीभर लोकांना ओरडून सांगत आलो होतो. त्या दिवशी मी काहीच बोललो नाही.