डावा कान भिंतीकडे

लहानपणी गालगुंड झाल्यावर माझ्या मुलीचा उजवा कान गेला. यंत्राचा उपयोग होणार नाही, वर्गात बसायची जागा सांभाळा, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. शाळेत ती उजवीकडच्या बाकावर बसायची. शिकवणाऱ्याचा आवाज डावीकडून यायचा, अडचण आली नाही.

दहावीला राजारामपुरीतला क्लास लावला. तिथं मुली डाव्या भिंतीकडे, मुलं उजवीकडे. पहिल्या चाचणीत ती गणितात नापास झाली. मी सरांना भेटले, तिला नीट ऐकू येत नाही एवढंच सांगितलं. त्यांनी तिला लगेच मुलींच्या पहिल्या बाकावर बसवलं, भिंतीला लागून. दुसऱ्या चाचणीत आणखी कमी मार्क पडले. पहिल्या बाकावरही सरांचा आवाज उजवीकडूनच येत होता.

मी पुन्हा गेले.

"मॅडम, पहिला बाक दिलाय की. माझा आवाज खाली रिक्षावाल्यांना जातोय, हिला कसा न्हाय?"

"तिचा उजवा कान गेलाय. तिला उजवीकडे बसवा."

"पोरांच्यात? उद्या सगळे पालक माझ्या दारात."

"मग मुलामुलींच्या बाजू बदला."

"मुली दाराकडंच बसत्यात. पहिल्यापासनं तसंच हाय."

पुढच्या आठवड्यात क्लासमधून फोन आला. मुलगी भिंतीला टेकून आडवी बसते, वर्गात शिस्त नाही. घरी विचारलं, तेव्हा ती म्हणाली, "तसं बसलं की डावा कान फळ्याकडं येतोय."

संध्याकाळी वर्ग सुटल्यावर मी तिच्या जागेवर बसले. उजव्या कानात बोट घातलं आणि सरांना शिकवायला सांगितलं. ते हसले, पण फळ्याकडे वळून बोलू लागले. डोक्यावरच्या पंख्याची घरघर तेवढी येत होती. मला सरांची पाठ दिसत होती.

ते वळले. त्यांचे ओठ हलले.

"काय म्हणालात?"

त्यांनी खडू ठेवला, डस्टर उचलून पुन्हा खाली ठेवला. मी कानातून बोट काढलं.

"बोर्डाची परीक्षा तोंडावर आलीय, मॅडम. आता बसायची जागा हलवली तर सगळा वर्ग हलतोय. आडवी बसू दे तिला. मी बोलणार न्हाय."

मुलगी दारात उभी होती. जिना उतरताना म्हणाली, "आई, आता परत येऊ नकोस. पोरी बहिरी म्हणाय लागल्यात."

मी तिच्या उजव्या बाजूने चालत होते. काहीतरी उत्तर दिलं. तिला ते ऐकू गेलं नाही.