जखमी जनावर टाकून येणाऱ्याला पान नाही

एल्क मारायला कोणत्या बोअरची, म्हणजे केवढ्या नळीची, रायफल घ्यावी, असं तू तिकडे परदेशातून आजीला विचारलं आहेस. सोबत पाठवलेले व्हिडिओ मी सगळे पाहिले. चांगले दाढीमिशा आलेले पुरुष ट्रकच्या मागच्या फळीवर काडतुसं ओळीनं मांडतात आणि कुठलं मोठं यावर भांडत बसतात. भातुकली मांडलेल्या मुलीसुद्धा याहून लवकर उठतात. तुझी बहीणही वाचणार आहे, म्हणून सगळं क्रमानं लिहिते.

एल्क मी पाहिलेला नाही. फोटोवरून तो आपल्या सांबराचा थोरला भाऊ वाटतो. पण रोही मी पुष्कळ पाहिलेत, ज्याला तुमच्या पुस्तकात नीलगाय म्हणतात. आणि मोठ्या बोअरची रायफल घेऊन रोह्यावर गेलेला माणूसही पाहिला आहे. तो माझा पुतण्या, म्हणजे तुमचा चुलत काका.

तो राजकारणात आहे, म्हणजे त्याच्या गाडीच्या काचेवर त्याचाच फोटो आहे. आपल्याकडे हल्ली कमरेला पिस्तूल नसेल तर लग्नात पुढची खुर्ची मिळत नाही. याच्याकडे पिस्तूल होतंच, गेल्या वर्षी त्यानं दुर्बीण बसवलेली थर्टी-ऑट-सिक्सची मोठी रायफल घेतली. पिकात शिरलेला रोही मारायची वनखात्याची परवानगी मात्र त्यानं रीतसर काढली होती. त्याचं तेवढं एक काम नियमात होतं.

त्याला जिल्हा परिषदेचं तिकीट हवं होतं. ते ज्यांच्या हातात होतं त्या साहेबांना त्यानं हिवाळ्यात हुरड्याला बोलावलं, आणि बोलावलं माझ्या केजच्या रानात, कारण यंदा ज्वारी माझी चांगली होती. आमच्या सालगड्याच्या बायकोनं सकाळीच गोवऱ्यांची आगटी पेटवली. मी लसणाची चटणी, दही, गूळ मांडून ठेवलं. पाहुणे सतरंजीवर बसले आणि बोलणं बंदुकीवर आलं.

"तीनशे पंधराच्या बंदुकीनं रोही पडत न्हाई साहेब," पुतण्याचा एक चेला म्हणाला. हा दिवसभर त्याच्या मागं मोबाईल घेऊन फिरतो. "कातडं लई जाड. त्याला दादांचं हेच हत्यार पायजे."

"पण गाय म्हणतात ना त्याला?" साहेबांनी विचारलं.

"रोही म्हणा की साहेब. मग गाय ऱ्हात न्हाई."

"आणि गोळी लागायची कुठं?"

"कुठं बी लागू द्या. शेपटीला लागली तरी आडवा हुतो."

मी म्हटलं, "मग वर दुर्बीण कशाला लावलीय? तारे बघायला?"

पुतण्या हसला. "काकू, तुमचा जमाना ठासणीच्या बंदुकीचा."

माझ्या जमान्याबद्दल त्याला काही माहीत नाही. माझं माहेर कडा गावाकडचं. शिकारबंदीचा कायदा यायच्या आधी वडील शिकार करत, तीनशे पंधराच्या साध्या रायफलनं. रायफलीसोबत आलेली इंग्रजी पुस्तिका मी त्यांना वाचून दाखवायची, कारण घरात इंग्रजी मलाच येत होतं. ते म्हणत, बोअर दुकानदाराला सांगायचा असतो, जागा जनावराला. जनावर आडवं, कूस आपल्याकडे करून, उभं राहू द्यावं. पुढच्या पायाच्या मागच्या रेषेनं वर यावं, आणि छातीचा खालचा तिसरा हिस्सा संपतो तिथं थांबावं. तिथं हृदय आणि फुप्फुसं. त्याचं तोंड आपल्याकडे असेल, पाठ आपल्याकडे असेल किंवा ते पळत असेल, तर बंदूक खाली. आणि घरातला नियम एकच होता. जखमी जनावर मागं टाकून येणाऱ्याला पान वाढायचं नाही. एकदा वडील स्वतः तसे परतले, तर आईनं त्यांना पाण्याचा तांब्या दिला आणि चूल विझवली.

असो. कणसं आगटीत पडली आणि तुरीतून रोही बाहेर आला. काळसर निळा, थोराड नर. ज्वारीच्या कडेला आमच्याकडे ढुंगण करून निवांत खात उभा राहिला. म्हणजे मारू नये असाच उभा होता. पुतण्यानं गाडीच्या बॉनेटवर रायफल टेकवली आणि मी "थांब" म्हणेपर्यंत झाडली.

रोह्यानं पाठीची कमान केली. मागचे पाय जवळ घेतले आणि अवघडून चालत ओढ्याकडे गेला.

"लागली दादा, लागली," चेला म्हणाला. टाळ्या वाजल्या.

मी उठून तिथं गेले. ज्वारीच्या पानांवर काळपट रक्त होतं आणि त्यात चघळलेला हिरवा पाला. गोळी पोटात गेली होती. फुप्फुसाला लागली असती तर रक्त गुलाबी, फेसाळ पडलं असतं आणि जनावरही लांब गेलं नसतं. पोटात लागलेलं जनावर मरायला दिवस घेतं.

परत आले तर सगळे सतरंजीवर बसून हुरड्यासाठी हात पुढं करून होते.

"काकू, काढू का कणसं?" सालगड्याच्या बायकोनं विचारलं.

"राहू दे. राख ओढ त्यांच्यावर."

पुतण्या माझ्याजवळ येऊन हळू आवाजात म्हणाला, "काकू, साहेब उपाशी हायत."

"तुझं जनावर ओढ्यात तडफडतंय. ते संपवून ये, मग वाढते. तोवर माझ्या रानात कुणालाच पान नाही."

"मरंल की ते आपोआप."

"मरेल. उद्या, नाहीतर परवा."

"एवढ्या लांब कावून जायचं?" चेला मध्ये पडला. "फॉरेस्टवाल्याला फोन करू."

"शेपटीला लागली तरी आडवा हुतो म्हनलाव नव्हं?" आगटीपाशी बसलेली सालगड्याची बायको म्हणाली. "मग आडवा कावून न्हाई झाला?"

साहेबांना हसू आलं, ते त्यांनी खोकल्यात घातलं. "या जाऊन," ते म्हणाले. पुतण्यानं त्यांच्याकडे पाहिलं, झाकलेल्या आगटीकडे पाहिलं आणि रायफल उचलून धावत सुटला. मी त्याला परत बोलावून बसवलं. पोटात लागलेल्या जनावरामागं लगेच धावलं तर ते उठून आणखी दोन शिवारं ओलांडतं. त्याला आधी बसू द्यावं लागतं. आधी हा उठत नव्हता, आता बसत नव्हता. मी सगळ्यांना पाणी दिलं. पाण्याला आईचीही मनाई नव्हती.

ऊन चांगलं वर आल्यावर आम्ही दोघं निघालो. चेल्याचे बूट नवे होते, तो राहिला. ओढ्यातल्या बाभळीखाली रोही बसला होता. मान वर, कान हलत होते, आणि बरगड्या भात्यासारख्या चालत होत्या. पुतण्यानं डोक्यावर नेम धरला.

"डोकं नको, ते हलतं. उठू दे त्याला."

आमची चाहूल लागून रोही कसाबसा उठला आणि आडवा उभा राहिला. पुतण्यानं नळी डोक्यावरून खाली आणली.

"काकू," तो पुटपुटला, "कुठं?"

सबंध सकाळ बंदुकीवर बोलण्यात गेली होती, आणि विचारण्याजोगा प्रश्न त्याला आत्ता सुचला.

"पुढच्या पायामागं. खाली. श्वास सोड आणि मग."

रोही चार पावलं गेला आणि पडला. पुतण्यानं रायफल रिकामी केली आणि तो बाभळीखाली बसला. मला त्याची कीव आली नाही. माझी कीव सकाळपासून ओढ्यातच होती.

वनखात्याला कळवून परत आलो तर साहेबांच्या गाड्या गेलेल्या. वडवणीला दुसऱ्या कुणाचा हुरडा होता म्हणे. मी आगटी उकरायला सांगितली, नवी कणसं टाकली आणि पुतण्याला वाढलं. तो मान खाली घालून जेवला. चेल्यानंही हात पुढं केला.

"तुला कुठंही लागली तरी चालते ना?" मी म्हटलं. "मग कुठंही जेव."

तिकीट दुसऱ्याला मिळालं. पुतण्या म्हणतो, ते माझ्यामुळं गेलं. असेल. केजच्या बाजारात चेला सांगत फिरतो की दादांनी एका गोळीत रोही पाडला. पुतण्या ऐकून घेतो. मी भेटेल त्याला दुसरी गोळीही सांगते.

तेव्हा बाळा, बोअर तिथल्या जाणत्याला विचारून घे. एवढ्या थोराड जनावराला हलका नको, आणि ज्याच्या धक्क्याला तूच डोळे मिटशील इतका मोठाही नको. शिंगं धरून काढलेला फोटो मला पाठवू नकोस, त्यात गोळी कुठं लागली ते दिसत नाही. दिवाळीला घरी येशील तेव्हा दारातच विचारीन, कुठं लागली, आणि नीट लागली नसेल तर मागं गेलास का. उत्तर ऐकून मग तुझं पान घेईन.