आमटी कशी लागते, असं विचारणारा डॉक्टर

दत्ता पिंगळे गेल्याचं मला महाराष्ट्र मंडळाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवरून कळलं, आणि खरं सांगायचं तर दुःख व्हायच्या आधी मला राग आला. चंदिगडमध्ये मराठी माणसं आधीच मोजकी. त्यात कान-नाक-घशाचे सर्जन, एका बॅचचे, एका हॉस्टेलचे असे आम्ही दोघेच. आणि त्याच्या जाण्याची बातमी मला द्यावी ती मोहालीत नुकत्याच नोकरीला लागलेल्या कुणा पोरानं, हात जोडलेल्या चित्रासकट! मी तेव्हा आठवडी बाजारात मेथीची जुडी हातात घेऊन उभा होतो. घरी फोन लावला तर अलका, माझी बायको, म्हणाली की वहिनींचा, म्हणजे दत्ताच्या बायकोचा, फोन मघाशीच येऊन गेला. दत्ता सकाळी अंघोळीला गेला तो बाहेर आलाच नाही. "मग मला का नाही कळवलं त्यांनी?" असं मी विचारलं. अलका थोडी अडखळली. "त्यांनी फोन आईंना द्या म्हणून सांगितलं... आईंना आधी कळायला हवं, म्हणाल्या." म्हणजे माझ्या मित्राच्या मृत्यूची बातमी माझ्या घरात आली, पण ती माझ्यासाठी नव्हती. मेथी तिथेच टाकून मी गाडीत बसलो.

गेलेल्या माणसाबद्दल चांगलंच बोलावं म्हणतात. मी बोलणारच आहे, कारण त्याच्याबद्दल वाईट बोलण्यासारखं मला अजून काही सापडलेलं नाही आणि माझा त्याच्यावरचा जुना राग नेमका हाच आहे. मी सांगलीकडचा, तो लातूरजवळच्या औशाचा. मी ‘काय करायलाईस’ म्हणायचो, तो ‘काय करूलालास’ म्हणायचा, आणि हॉस्टेलची पंजाबी पोरं विचारायची की तुम्ही दोघं नक्की एकच भाषा बोलता ना? माझा हात चांगला होता. हे मी म्हणत नाही, आमचे सर म्हणायचे. मायक्रोस्कोपखाली कानाचा पडदा बसवताना माझ्यामागे ज्युनियर पोरं गर्दी करून उभी राहायची. दत्ताचं काम बैलगाडीच्या चालीनं चालायचं. त्याच्या ऑपरेशनला भूल देणारे डॉक्टर घड्याळाकडे बघत जांभया देत. आणि तरीही ओपीडीत आलेले लोक ‘वो मराठे डॉक्टर कित्थे ने?’ असं विचारायचे तेव्हा मी पुढे झालो की नम्रपणे म्हणायचे, "तुसी नहीं जी... दूजे." हे ‘दूजे’, म्हणजे ‘ते दुसरे’, मी आयुष्यभर ऐकलं.

त्याचं सगळं नाव झालं ते ऑपरेशननंतर रुग्णाचं पुढे काय होतं, या अभ्यासावर. आम्ही शिकत होतो तेव्हा या कामासाठी छापील प्रश्नावली असायची, इंग्रजीतून हिंदी-पंजाबीत आणलेली. नाक बंद राहतं का, कमी ऐकू येतं का, त्रास किती. रुग्ण सहा महिन्यांनी तपासायला आला की समोर धरायची आणि खुणा करून घ्यायच्या. उत्तरं अशी झकास यायची की काही विचारू नका. सगळेच ‘वधीया जी’, सगळ्यांवर डॉक्टरसाहेबांची किरपा. सर खूश, मी तर फारच खूश, कारण त्यात माझी ऑपरेशनं बरीच होती. एकटा दत्ता तोंड वाकडं करून बसायचा. "मोहन्या, ह्ये उत्तर न्हाई, ह्यो रामराम हाय. आमच्या औशाला मयताच्या घरी जाऊन इचारलास तरी ‘बरं हाय’च म्हणतेत." बरं आहे, ठीक आहे, वधीया, हे सगळे त्याच्या मते डॉक्टरला घातलेले नमस्कार होते. नमस्कारांची बेरीज करून त्याला संशोधन म्हणायला तो तयार नव्हता.

मग त्यानं एक खूळ काढलं. रुग्ण दवाखान्यातून निघाले की तो त्यांच्या मागोमाग सेक्टर सतराच्या बस अड्ड्यावर जायचा. तिथे बाकावर बसून, त्यांच्यासोबत चहा आणि खारी मठ्ठी खात, गावाकडची बस लागेपर्यंत गप्पा मारायचा. अंगात डॉक्टरचा कोट नाही, हातात कागद नाही. आणि रुग्णाला तो विचारायचाच नाही, बरोबर आलेल्या सुनेला किंवा बायकोला विचारायचा. मी एकदा मुद्दाम त्याच्याबरोबर गेलो, हा तिथे जाऊन करतो तरी काय ते बघायला. एक सरदारजी होते. नाकाचं हाड मीच सरळ केलेलं, आणि तासाभरापूर्वी त्यांनी मला हात जोडून ‘सब वधीया’ सांगितलेलं. दत्तानं त्यांच्या सुनेला विचारलं, "बीबी, बापूजी रात नूं घुराड़े मारदे ने?" सरदारजी जोरजोरात घोरायचे, म्हणून तर ते आले होते. सुनेनं ओढणी तोंडाला लावली आणि हसत म्हणाली, "ट्रैक्टर अजे वी चलदा ए जी." दत्ताही हसला, सरदारजीही हसले. घोरणं अजून चालूच होतं, मला हसू आलं नाही. परत येताना मी त्याला म्हणालो की हे असलं चावडीवरचं बोलणं कुठलंही जर्नल छापणार नाही.

छापलं. एकदा नव्हे, पुन्हा पुन्हा छापलं. रुग्णाला काय विचारावं, कुणाला विचारावं आणि कुठे बसून विचारावं, हाच त्याचा विषय झाला. मी खासगी रुग्णालयात गेलो, मोठी गाडी घेतली, मोठं घर घेतलं. तो सरकारी नोकरीत राहिला आणि परदेशातले लोक त्याला बोलवायला लागले. परिषदांमध्ये माझ्या गळ्यातल्या पट्टीवर चंदिगड वाचून लोक विचारायचे, "डॉक्टर पिंगळेंच्या गावचे का तुम्ही?" असूया म्हणजे काय हे ज्याला कळून घ्यायचं असेल त्यानं अशा वेळी हसून ‘हो, माझा मित्र’ म्हणून बघावं. त्यानं एकदा तरी मिरवायला हवं होतं. मला टोमणा मारायची सोय झाली असती. पण तो परत आला की चॉकलेटांची पिशवी आमच्या घरी टाकायचा, माझ्या आईच्या पाया पडायचा आणि तिच्याशी पावसापाण्याच्या गोष्टी करत बसायचा.

आई वडिलांच्या पश्चात तासगाव सोडून माझ्याकडे आली. प्राथमिक शाळेत शिक्षिका होती, मोठ्या आवाजात बोलायची सवय, त्यामुळे तिला कमी ऐकू येतंय हे आम्हाला उशिरानं कळलं. मधल्या कानात तांदळाच्या दाण्याहून लहान एक हाड असतं, ते दोन्हीकडे घट्ट बसलं होतं. ते काढून त्या जागी बारीकसा पिस्टन बसवायचा असतो. माझ्या हातचं काम! पण सख्ख्या आईवर सुरी चालवू नये असा आमच्यात दंडक आहे. आणि तो नसता तरी आईनं आधीच सांगून टाकलं होतं, "दत्ता करू दे. त्याला घाई नसते." उजव्या कानाचं ऑपरेशन त्यानं केलं आणि उत्तम केलं. पट्टी काढल्यावर मी विचारलं, "ऐकू येतंय ना?" ती म्हणाली, "येतंय की." मी नातेवाइकांना फोन करून सांगितलं. त्यानंतर मात्र तिचं जेवण कमी झालं. अलका बिचारी निरनिराळं करून बघायची, आई ‘छान झालंय’ म्हणून वाटी तशीच ठेवायची. हळूहळू अलकाचं तोंड उतरायला लागलं. सासूला आपल्या हातचं आवडत नाही, असं तिनं मनाशी धरलं. म्हाताऱ्या माणसाची भूक कमी होते, असं मी दोघींना समजावलं. मी डॉक्टर होतो ना.

पुढे दत्ताचा सगळ्यात गाजलेला लेख आला. कानाच्या ऑपरेशननंतर चव कशी बदलते, यावरचा. जिभेची चव नेणारी एक बारीक नस पडद्याच्या मागून जाते, ऑपरेशनात ती ताणली जाते, कधी तुटते. हे आम्हा सगळ्यांना पुस्तकातून ठाऊक होतं. पण त्यापायी घरात काय होतं, कोण जेवेनासं होतं, कुणाच्या स्वयंपाकाला नावं पडतात, हे कुणी विचारलं नव्हतं. त्यानं ते घरोघर जाऊन विचारलं. मी तो लेख दोनदा वाचला, चूक शोधण्यासाठी. सापडली नाही. भेटल्यावर विचारलं, "हे तुला सुचलं कुठून रे?" तो चष्मा पुसत म्हणाला, "एक आज्जी बोलल्या..." मी पुढे विचारलं नाही. त्याला भेटतात अशा आज्ज्या, आम्हाला भेटत नाहीत, एवढंच मनात आलं.

त्याच्या शोकसभेला खेड्यापाड्यांतून माणसं आली होती. बसनं आली होती. माझ्या सभेला कोण येईल याचा हिशेब मी तिथे बसल्या बसल्या करून टाकला, आणि तो काही फार लांबला नाही. दत्ताचा मुलगा इथल्या आयटी पार्कमध्ये असतो, तो हिंदीत दोन वाक्यं बोलून खाली बसला. मग एक वयस्क बाई उठली आणि म्हणाली, "डॉक्टर साब ने मैनूं पुच्छेया सी, बीबी, रोटी दा स्वाद आउंदा ए? होर किसे ने नहीं पुच्छेया." आणखी कुणी कधी विचारलंच नाही, एवढं बोलून ती रडायलाच लागली. घरी आल्यावर मी हे आईला सांगितलं, थोडं चिडूनच सांगितलं असेन. प्रोफेसर होता की खानसामा, असं काहीतरी बोललो.

आई म्हणाली, "मलाही विचारलं होतं."

आधी मला उमगलंच नाही. मग ती सांगत गेली. ऑपरेशननंतर सगळंच लोखंडाचा चमचा चाटल्यागत लागायचं तिला, दूधसुद्धा. ‘छान झालंय’ म्हणून ती गप्प राही. एके दिवशी दत्ता जेवायला होता, मी कुठल्याशा फोनवर होतो. त्यानं विचारलं, आई, आमटी कशी लागते? ती छान म्हणाली. तर तो म्हणाला, "छान हाय तर मग वाटीत कशापायी ठेवलाव?" आणि तिनं सांगून टाकलं. "केवढासा झाला रे तो," आई म्हणाली. "ही माझ्याच हाताची करणी हाय म्हणाला. घास खाली ठेवला त्यानं." पुढे चव बरीचशी परतली, पण तो दर आठवड्याला येऊन विचारत राहिला. आज चहा कसा लागला, कोथिंबिरीचा वास आला का. आपण इतके दिवस खोटंच ‘छान’ म्हणत होतो हे अलकाला कळू नये म्हणून आईनं त्याला कुणाला सांगू नको म्हटलं आणि त्यानं मलाही सांगितलं नाही. माझ्या घरची आमटी, माझ्या आईची जीभ, आणि शोध त्याचा! माझ्या ताटासमोर रोज मांडून ठेवलेली गोष्ट तो येऊन उचलून घेऊन गेला. मेलेल्या माणसाचा इतका हेवा करता येतो हे मला माहीत नव्हतं.

"मला का नाही सांगितलंस?" माझा आवाज चढला होता.

"तू विचारलं होतंस, ऐकू येतंय ना. येत होतं, म्हणून हो म्हटलं." ती पदरानं डोळे पुसत होती. मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "आता मी कुणाला सांगू?"

मी तिचा मुलगा. डॉक्टर, आणि तोही कानाचा. एका छपराखाली राहतो आम्ही. हा प्रश्न तिनं माझ्याच समोर बसून विचारला. त्या दिवशी मी जेवलो नाही.

या गोष्टीला आता काही आठवडे झाले. आमच्या जेवणाच्या टेबलाशी आईच्या उजव्या हाताला एक खुर्ची आहे, खिडकीच्या बाजूची. दत्ता आला की तीच ओढून बसायचा, तिच्या ऐकू येणाऱ्या कानाशी. घरात दुसरं कुणी तिथे बसत नाही. मी टेबलाच्या टोकाला बसतो, पंगतीचा यजमान असल्यासारखा. परवा दुपारी अलका बाहेर गेली होती, उकाडा मरणाचा होता, आणि मी चहा घेऊन त्या खुर्चीत जाऊन बसलो. आईनं एकदा माझ्याकडे पाहिलं. काय विचारायचं ते मला सुचेना. कसं वाटतंय, हे ओठांवर आलं होतं ते गिळलं. शेवटी म्हणालो, "रात्री झोपताना काय करतेस गं तू?"

 ती म्हणाली की दुसऱ्या कानाचं ऑपरेशन तिला करायचं नाही. दत्ताला ते ठाऊक होतं, त्यानं मानलं होतं. मी त्या कानासाठी वर्षभर तिच्या मागे लागलो होतो. आत्ताही तोंड उघडलं... आणि मिटलं. ती सांगत होती की रात्री ती ऐकू येणारा कान उशीत दाबून झोपते. बहिरा कान वर. मग गाड्या नाहीत, कुत्री नाहीत, टीव्ही नाही. शाळा सुटल्यावर वर्गात जसं व्हायचं तसं होतं, आणि त्या शांततेत तुझे बाबा दारात सायकल लावतायत असं वाटतं, म्हणाली. तो कान दुरुस्त झाला तर ते यायचे नाहीत. मी तिला उपाय सांगितला नाही. इतकी वर्षं त्याला मिळत आलेलं काय होतं ते आता मला दिसत होतं, आणि ते मलाच मिळायला हवं होतं, असं आतून ओरडून सांगावंसं वाटत होतं.  ती बोलत होती, वडिलांविषयी, तासगावविषयी, मी कधीच न ऐकलेलं. मध्येच थांबून तिनं वर पाहिलं.

"दत्ता, तेवढा पंखा बंद कर रे," ती म्हणाली. "नीट बोलता येत नाही."

आपण काय बोललो ते तिच्या ध्यानातही आलं नाही. मी उठलो आणि पंखा बंद केला.